अंगात आलेला पाव्हणा

लूमच्या कारखान्यात रुई साठते ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठतात. सकाळी झाडलं तरी दुपारी पुन्हा तेवढेच! कारखाना आमच्या खालीच आहे, म्हणून हे मला माहीत. लोक म्हणतात, "शुभांगी, सांग की ते, मस्त हसायला येतं." तुम्हाला येत असेल हसायला! मला यातल्या प्रत्येक किश्शात राग आलाय, आणि अजून उतरलेला नाही.

तर आम्ही भिवंडीत गेम बनवतो. आम्ही म्हणजे तिघं. अश्फाक कोड लिहितो, निलेश चित्रं काढतो, आणि मी कथा लिहिते आणि भांडते. भांडायचं कामही कुणाला तरी करायलाच लागतं.

जागा अश्फाकच्या मामूंची. खाली त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे माग, वर आम्ही. पहिल्याच दिवशी मामूंनी विचारलं, "बनाते क्या हो?"

"गेम."

"अच्छा! माल कितना निकलेगा?"

अश्फाकनं समजावलं, की मामू, माल निघत नाही, सगळं कंप्यूटरमध्येच असतं. मामू विचारात पडले. मग खिडकीतून खाली बघून म्हणाले, "फिर टेम्पो कहाँ लगेगा?"

टेम्पो लागणारच नाही हे या माणसाला आम्ही अजून पटवतोय. येतात, कोपऱ्यात बघतात, खोकी दिसत नाहीत. परवा माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलं, की मला ओरडताही येईना. म्हणाले, "फिक्र मत कर बेटी, पहला माल सबका अटकता है!"

* * *

आता गेम काय आहे ते ऐका, म्हणजे पुढचा राग कळेल.

एक अंतराळवीर बाई परग्रहावर एकटी अडकते. तिथली हवा विषारी. तिच्या खांद्यावर एक हिरवा, लिबलिबीत जीव येऊन बसतो आणि हळूहळू अंगात मुळं धरतो. तो हवा गाळून तिला श्वास देतो, ती त्याला अंगातली ऊब देते. दोघांचंही भागतं. पण बाई बदलायला लागते. कातडी हिरवी होते, बोटांमध्ये पडदे येतात, अंधारात दिसायला लागतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम एक लाल बटण असतं, 'कापा'. दाबलं की जीव गळून पडतो आणि बाई पहिल्यासारखी होते. यानात हवेची टाकी असते, त्यामुळे ती मरत नाही. ठेवायचं की कापायचं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. एवढी सरळ गोष्ट!

पण जो येतो तो विचारतो, "ही जळू मारायची कधी?"

जळू! अहो, जळू रक्त पिते आणि सुटते. हा देतोसुद्धा! ह्याला सहजीवी म्हणतात. तुमच्या घरच्या मसाल्यात दगडफूल पडतं ना? ते काय आहे वाटतं तुम्हाला? शेवाळ आणि बुरशी, एकमेकांच्या आधारानं राहिलेली! ते मिटक्या मारत खाता, आणि आमच्या जीवाला जळू म्हणता!

एकदा अश्फाकच्या कोडमध्ये डोकावले, तर ह्यानंही त्या जीवाचं नाव ठेवलेलं, 'जोंक', म्हणजे पुन्हा जळूच!

"मॅडम, कोड में कोई भी नाम चलता है."

"मग तुझं ठेव!"

ठेवलं त्यानं. मग आठवडाभर आमच्या स्क्रीनवर "एरर: अश्फाक सापडत नाही" असं यायचं, आणि अश्फाक माझ्यासमोर बसून भजी खात असायचा.

निलेश मात्र पहिल्यापासून त्या जीवाला 'पाव्हणा' म्हणतो. पुढे सगळेच म्हणायला लागले.

* * *

निलेश खारबावचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्याच्या मोठ्या बहिणीनं, सुरेखाताईनं, स्वतःची एक त्याला दिली. ऑपरेशननंतर महिनोन् महिने घरात कोंडून पडला होता, तेव्हा त्यानं हा जीव कागदावर काढला. मास्क लावून फिरतो, बाहेरचं खात नाही, आणि गोळ्यांची वेळ चुकवत नाही.

मी एकदा विचारलं, "एवढ्या गोळ्या कशाला रे अजून?"

"आपलं अंग येडं असतं, शुभे. ताईची किडनी मला जगवतेय, आणि माझं अंग रोज तिला हाकलायला निघतं. मी गोळी खाऊन त्याला सांगतो, गप बस, पाव्हणा हाय तो!"

आता अशा माणसाला कुणी काय विचारावं? बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाईची किडनी ना? मग आता बाईसारखं काही वाटतं का रे तुला?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो फेकला नाही, हे माझ्या आईवडलांचे संस्कार!

निलेश शांतपणे म्हणाला, "वाटतं ना. संध्याकाळ झाली की भावावर ओरडावंसं वाटतं."

* * *

गेम बाजारात आणणाऱ्या पब्लिशरकडून विवान सर यायचे. वयानं आमच्याएवढेच, पण 'सर' म्हणायचं. मुंबईहून यायचे, आणि आल्या आल्या "ओ गॉड, हे मानकोलीचं ट्रॅफिक!" असं अशा सुरात म्हणायचे, की जणू आम्हीच सकाळी उठून ते लावून ठेवलंय.

एकदा त्यांना पाव्हण्याच्या छातीचे ठोके ऐकवले. सर डोळे मिटून ऐकत बसले. "वॉव! काय ऱ्हिदम आहे. एलियन आणि तरी ह्युमन. कुठल्या सॉफ्टवेअरवर केलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरं तर आम्ही श्वासाचा आवाज रेकॉर्ड करत होतो, आणि खालच्या लूमची खटखट आत शिरली ती काही केल्या निघेना.

अश्फाक म्हणाला, "सर, वो मामू का लूम है. जुम्मे को बंद रहता है."

सरांनी ते लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगमध्ये आपल्या साहेबांना सांगितलं, की हा ऱ्हिदम मी सुचवला!

* * *

मग आली टेस्टिंगची भानगड. सर म्हणाले, "तुमच्या एरियातले रिअल लोक बसवा." बसवले. वडप्याचे एक पाटील काका आले. त्यांच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, कंपन्यांना भाड्यानं दिलेली. काकांनी पाव्हणा बघितला, चष्मा वर केला.

"ह्याच्याशी ॲग्रीमेंट झालंय का?"

"कुणाशी काका?"

"ह्या हिरव्याशी. किती वर्सांचं?"

"काका, तो जीव आहे!"

"जीव असो न्हायतर कंपनी असो. अकरा महिन्यांचंच करायचं. जास्त ठेवला की बसला तो कायमचा!" आणि दाबलं की हो 'कापा'! वर मलाच सल्ला, "पोरी, ताबा गेला की कोर्टात चपला झिजतात."

त्यांच्या मागून गोदामातली पोरं बसली. एकानं कापलं की दुसरा कापणारच, त्यात कोण आधी कापतो याची शर्यत! सर खूश झाले.

"सी? लोकांना हे नकोय. याला मॉन्स्टर करा. बाई शेवटी त्याला उपटून फेकते, स्फोट, टाळ्या! नाहीतर आम्ही गेम घेत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी निलेश उठला. मास्क नीट केला. "सर, मला न्हाय जमणार. पाव्हण्याला राक्षस करायचा असंल तर चित्रं दुसऱ्याकडून काढून घ्या. मी चाललो." आणि गेला खरंच.

सर म्हणाले, "आर्टिस्ट लोक इमोशनल असतात." मी म्हणाले, "आणि तुम्ही काय असता ते सांगू का?" अश्फाकनं माझं तोंड अक्षरशः हातानं बंद केलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मी आणि अश्फाक खारबावला गेलो, निलेशला आणायला. तो यायला तयार होईना. त्याची काकी आणि शेजारच्या बायका ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. काकी म्हणाली, "काय बनवता ते दावा तरी!" लावला गेम टीव्हीवर.

बाईचं अंग बदलायला लागलं. केस मोकळे, डोळे पांढरे, हातपाय थरथरतायत. निलेशनं फार जीव ओतून काढलंय ते.

काकीच्या हातातले वाल खाली पडले. "अगो, हिच्या अंगात आलं!"

मी काही म्हणायच्या आत बायकांनी पदर घेतले. एक धावत जाऊन हळदकुंकू घेऊन आली. टीव्हीला कुंकू लावलं हो! अश्फाकला चप्पल काढायला लावली. काकी हात जोडून टीव्हीसमोर बसली.

"कोन हायस तू, माय? काय पायजे तुला? बोल!"

सगळ्या श्वास रोखून बघतायत. टीव्ही कुठला बोलतोय! काकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "बोलत का न्हाय गो?"

"काकी, त्याला बोलता येत नाही! देव नाहीये तो, सायन्स फिक्शन आहे ते!"

"मंग अंगात कशाला आलाय?"

"अहो..."

"अंगात आलेल्याला आधी इचारायचं असतं, काय पायजे म्हनून. तू न इचारताच तिथं 'कापा' लिवून ठेवलंस? कसली गो तू?"

माझा असा संताप झाला! एवढी शिकले, एवढं जागून लिहिलं, आणि ही बाई मला रीत शिकवतेय! मी तणतणत बाहेर आले. मागून अश्फाक आला, अनवाणीच.

"मॅडम, बात तो सही है. हमने पूछा ही नहीं."

ओट्यावर बसलेला निलेश त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "चला," म्हणाला, "अजून एक बटण काढतो."

तर लाल बटणाच्या शेजारी हिरवं बटण आलं, 'विचारा'. पाव्हण्यानं काय उत्तर द्यावं यासाठी मी पानंच्या पानं लिहिली. ग्रहाचा इतिहास, त्याच्या जातीचं दुःख, सगळं! निलेशनं सगळं वाचलं आणि एकच शब्द ठेवला, 'जागा'. माझी पानं गेली रद्दीत. त्यावरूनही भांडण झालं, पण ते जाऊ दे.

* * *

विवान सरांनी हिरवं बटण बघितलं आणि हसत सुटले. "राक्षसाची मुलाखत घ्यायची? सीरियसली?" शेवटी म्हणाले, "ओके. लास्ट टेस्ट. माझ्यासमोर, ज्यानं हा गेम कधी बघितला नाही असा माणूस. त्यानं कापलं, तर मॉन्स्टर. आर्ग्युमेंट बंद."

 निलेशनं आपले ब्रश, पेन, चार्जर आधीच पिशवीत भरून ठेवले होते. 

सरांनी ठरवलेला माणूस मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. (त्या दिवशी त्या ट्रॅफिकवर मला पहिल्यांदा माया आली.) आम्ही वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात जिना चढून सुरेखाताई आली, निलेशचा डबा घेऊन.

सर म्हणाले, "या कोण? यांनी गेम बघितलाय?"

"माझी बहीण," निलेश म्हणाला. त्यानं तिला गेम कधी दाखवलाच नव्हता. लाजायचा.

"मला काय गेमबिम कलत न्हाय," ताई म्हणाली. "मला फक्त ह्याचं जेवन कलतं."

"परफेक्ट!" सरांनी तिच्या हातात कंट्रोलर दिला. मी मध्ये पडणार होते, पण निलेशनं मान हलवली. बसू दे.

ताई खेळली. आधी दगडाला धडकली, मग खड्ड्यात पडली, "अगो बाई" म्हणत उठली. पाव्हणा खांद्यावर आला तेव्हा मागे सरकली. मग बाई हिरवी व्हायला लागली. ताई बघतच राहिली.

सर मागून म्हणाले, "ताई, ते लाल बटण. दाबलं की तुम्ही फ्री. पहिल्यासारख्या."

"पहिल्यासारखी म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या अंगात दुसरं कुणी नाही."

ताईनं बराच वेळ दोन्ही बटणांकडे बघितलं. मग हिरवं दाबलं. 'विचारा'.

स्क्रीनवर अक्षरं आली. 'जागा.'

खाली लूम चालू होते. 

"निल्या," ताई म्हणाली, "गोली घेतलीस?"

"घेतली."

"माझी किडनी तुझ्यात हाय. ती कधी काढून टाकावीशी वाटली तुला?"

"न्हाय."

"मंग मी कशाला दाबू?"

तिनं कंट्रोलर विवान सरांच्या हातात ठेवला. "घ्या दादा. तुमालाच लय हौस हाय, तर तुमीच दाबा." आणि टेबलावरचे कागद बाजूला सारून डबा उघडायला लागली.

सरांनी कंट्रोलर धरला. स्क्रीनकडे बघितलं. निलेशकडे बघितलं, त्याच्या मास्ककडे, मग ताईकडे. ती भाकरी मोडत होती.

मग त्यांनी अंगठा उचलला, आणि 'विचारा' दाबलं.