रिकामा तळहात

रक्ताचा रिपोर्ट पाहून सोलापूरच्या डॉक्टरांनी ह्यांना आधी बसायला सांगितलं, मग मला. "ल्युकेमिया आहे. रक्ताचा कॅन्सर." आम्ही तर हिरड्यांतून रक्त येतं म्हणून गेलो होतो. मी वेड्यासारखं विचारलं, "मग दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं नाही का?"

केमोथेरपीने आजार दबला आणि पुन्हा उसळला. पुण्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन टप्पे सांगितले. आधी कार-टी, म्हणजे ह्यांच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आजार आटोक्यात आला की स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याकडून घ्यायच्या. अक्कलकोटच्या माझ्या नणंदेच्या पेशी जुळल्या. "वैनी, आता रडायचं न्हाय. दादाला माजं रगत चालतंय की," ती म्हणाली.

अडलं ते भलतीकडेच. आम्ही लिंगायत. ह्यांच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग, म्हणजे कायम अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग. सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय हे चहासुद्धा घेत नाहीत. चहा गार होतो म्हणून मी लग्नापासून कटकट करत आले.

भरतीच्या दिवशी नर्स म्हणाली, जंतुसंसर्गाची भीती आहे, वेगळ्या खोलीत दोरा, भस्म, फूल काहीच चालणार नाही. हे म्हणाले, "हे माझ्यासोबत मातीत जाणार. जिवंतपणी काढणार नाही." आणि सरळ पिशवी भरायला लागले. 

सोबत आलेल्या नणंदेने पदर पसरला. "दादा, डबी मी सांबाळते. तळहात तर तुजाच हाय की. त्यो कुटं काढून घेत्यात?"

 मग ह्यांनी स्वतःच डबी उतरवली. मानेवर दोऱ्याचा फिकट पट्टा होता. मला तिकडे बघवेना.

शिकवलेल्या पेशी परत सोडल्यावर ह्यांना ताप चढला. पेशी लढताहेत, असं डॉक्टर म्हणाल्या. मेंदूवर परिणाम होतो का ते बघायला नर्स रोज एक वाक्य लिहून घ्यायची. एका सकाळी ह्यांनी नुसत्या रेघोट्या ओढल्या. माझ्याकडे बघून नर्सला विचारलं, "ह्या बाई कोण?"

असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी मी भिंत धरून उभी राहिले. तेवढ्यात ह्यांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि रिकाम्या तळहाताकडे एकटक बघत राहिले. बायको विसरली होती, पूजा नाही. मला रागही आला आणि रडूही आलं.

स्टिरॉइडने हा भ्रम ओसरला. पुढे नणंदेच्या पेशी चढवल्या, त्या रुजल्या. सध्या रिपोर्टमध्ये आजार दिसत नाही. पुढच्या तपासणीची धास्ती आहेच.

तुमच्यावर ही वेळ आली तर घरातल्या रीती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. आम्ही सांगायला उशीर केला आणि ऐन वेळी माणूस घरी निघाला होता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नणंदेने डबी परत ह्यांच्या गळ्यात घातली. हल्ली रोज सकाळी चहा गार होतो. मी तो मुकाट्याने पुन्हा गरम करते.