शाळा थांबली तेव्हा

काय सकाळ होती आजची! जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ चालू होता. पहिलीतली एक चिमुरडी पुढे उभी राहून प्रतिज्ञा सांगत होती आणि मध्येच विसरली. मी फाटकाबाहेरून तिला पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर फाटकाशी उभे असलेले गुरुजी हळूच म्हणाले, "सांगू नका हं. तिला आठवेपर्यंत आम्ही सगळे थांबतो."

अख्खी शाळा थांबली. कुणी फिदीफिदी हसलं नाही. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली समता, संयम, आदर ही मूल्यं मी येता-जाता कितीदा वाचली होती. रांगेत उभी राहिलेली आज पाहिली.

आणि तिला आठवलं! सगळी पोरं तिच्यामागून अशी गरजली, की फाटकाबाहेर माझाही हात प्रतिज्ञेसाठी पुढे झाला.