चांगुणाबाईचा नेम

चांगुणाबाई सुनेला बटाटे फेकून मारते, ही बातमी सोजराबाईच्या ओट्यावरून निघाली आणि बघता बघता जानेफळ गावभर झाली. खोटी म्हणावी, तर बटाटे खरेच फेकले जात होते. शेजारच्या सोजराबाईने कुंपणावरून ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

झालं होतं असं. चांगुणाबाईची सून सारिका पोलिसात शिपाई होती. मुलगा धम्मरत्न खामगावला नोकरीला, सुटीपुरता घरी यायचा. एरवी घरात सासू-सून दोघीच. सारिका पोलिसांच्या महिला व्हॉलीबॉल संघात खेळायची. समोरून आलेली सर्व्हिस उचलणं हे तिचं काम, आणि वर्षभरापासून नेमकं तेच बिघडलं होतं. हातावर घ्यायचा बॉल खांद्यावर आदळायचा. मग ती घरी येऊन गुपचूप पडून राहायची. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आणि नंतर शाळेतली खिचडी शिजवलेल्या चांगुणाबाईला घरातलं माणूस असं गप्प झालेलं बघवत नसे.

"डोये तपासून ये," शेवटी तीच म्हणाली. "मले चष्मा लागला तवा मी महिनाभर तांदळातले खडे शिजवले."

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सारिकाला सांगितलं, नजर चांगली आहे, चष्मा नको. पण वेगाने जवळ येणाऱ्या वस्तूवर तिचे दोन्ही डोळे एकदम वळत नाहीत, म्हणून अंदाज चुकतो. व्यायामाने फरक पडेल. त्यांनी रंगीत मणी ओवलेली एक दोरी दिली. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकापाशी धरायचं आणि एकेका मण्यावर नजर रोवायची. दुसरा व्यायाम बॉलचा. बॉलवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके काढायचे, कुणीतरी तो फेकायचा आणि झेलायच्या आधी समोरचा ठिपका कोणत्या रंगाचा ते ओरडून सांगायचं.

"पण आई, फेकन कोण?" सारिकाने विचारलं.

"काऊन? मी मेली का?"

चांगुणाबाईचा पहिला बॉल टिनाच्या छपरावर गेला. दुसरा शेळीला लागला. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून खेळ म्हणून तिने हातात काही धरलंच नव्हतं. पण आठवडाभरात हात बसला, आणि मग तिला त्याची अशी गोडी लागली की दुपारपासूनच ती सुनेची वाट बघू लागली. कधी पाठीमागून हात काढून फेकायची, कधी "ते पाह्य मांजर!" म्हणून फसवायची. बॉल नालीत वाहून गेला तेव्हा तिने बटाट्यांना हळद, नीळ आणि चुन्याचे ठिपके दिले.

"निळा!" सारिका ओरडायची. "पिवळा!"

एक बटाटा मात्र तिच्या गालावर बसला. दुसऱ्या दिवशी तो सुजलेला गाल घेऊन ती ड्यूटीवर गेली, आणि गावाला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही.

बातमी मलकापूरला पोचली तसे सारिकाचे वडील भाऊराव पहिल्या बसने आले. ओसरीवर बसले, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"इहीणबाई, माही पोर जड झाली असन तर तसं सांगा. मी घेऊन जातो."

चांगुणाबाई सुनेला कधी एक वाकडा शब्द बोलली नव्हती. डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात आतून सारिका आली, आणि बापाचा चेहरा, सासूचा चेहरा पाहून तिला हसू आवरेना. तिने वडिलांना उठवून अंगणात नेलं आणि डोळ्यांच्या व्यायामाचं सांगत त्यांच्या हातात बटाटा ठेवला.

"फेका, बाबा."

भाऊरावांनी बिचकत फेकला. सारिकाने सहज झेलला. डोळे पुसता पुसता चांगुणाबाईला राहवलं नाही.

"असं नाई, भाऊ! पाहुण्याले पान देल्यावानी काय फेकता? हाणा!"

मग भाऊराव पेटले. अर्ध्या तासात त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या आणि चहा दोनदा झाला होता. कुंपणापलीकडे सोजराबाई उभी होतीच. चांगुणाबाईने तिला हाक मारली.

"पाहून काय राह्यली व? ये, तूबी फेक!"

ती लाजत आली, आणि पुढे रोज येऊ लागली.

पुढे बुलढाण्याच्या व्हॉलीबॉल स्पर्धेला चांगुणाबाई सुनेबरोबर गेली. नियम तिला कळत नव्हते. बॉल सारिकाकडे निघाला की ती श्वास धरायची आणि तो सारिकाच्या हातांवरून अलगद वर उठला की सोडायची. बॉल उठत राहिले. संघ अंतिम सामन्यात गेला आणि तिथे थोडक्यात हरला, पण सारिकाच्या खेळाची मैदानावर चर्चा झाली. सारिकाकडून बटाट्यांची गोष्ट ऐकलेली कप्तान राखी घामाघूम चेहऱ्याने चांगुणाबाईपाशी आली.

"मावशी, पुढच्या शिबिराले तुमीच या. आमाले सगळ्याइलेच फेका."

"येतो ना," चांगुणाबाई म्हणाली. "पण झेलाची पाळी मलेबी द्या लागन."

पोरी हसल्या आणि तिथेच तिला मधे उभं केलं. पहिला बॉल हातातून निसटला. दुसरा तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला, आणि कितीतरी वेळ परत देईना.