पडदा धरणारी

कांताबाईंचं नाव आधी लिहिते. बाकीचं मागून.

अकोल्याच्या भाजीबाजारात त्या बसतात. मेथी, वांगी, सांभार. कोथिंबिरीला इथं सांभार म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं, कारण पहिल्या आठवड्यात मी कोथिंबीर मागितली आणि त्यांनी हसून विचारलं, "कोठची व तू?" मी लातूरकडची. तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव लातूरवाली. नवरा दालमिलमध्ये हमालीला म्हणून मला इकडं घेऊन आला. दोन वर्षांनी एकटाच सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला. परत जायला माहेरी कुणी राहिलं नव्हतं. कांताबाईंनी घरामागची खोली दिली. मग मला हाताला धरून भास्करभाऊंच्या फोटो स्टुडिओत नेऊन उभं केलं. "बाई इमानदार हाय. आंगठा नाई, सही करते," म्हणाल्या. माझी शाळा सातवीत सुटली होती. सही येत होती हे खरं.

आता घडलं ते.

बाळापूरकडच्या एका गावात शाळेच्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो होते. भाऊ मला सोबत घेऊन गेले. माझं काम एवढंच की पांढऱ्या चादरीचं टोक धरून उभं राहायचं. दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधलेलं. पोरगं स्टुलावर बसायचं, मागं चादर, भाऊ फोटो काढायचे. की पुढचं पोरगं. एप्रिल महिना. उघडं पटांगण. हात डोक्याच्या वर. तीन वर्ग झाले आणि चौथ्या वर्गाला माझा हात खाली आला. आणला नाही मी. तो आला. चादर सरपंचाच्या नातवाच्या डोक्यावर पडली.

"ओ खुंटी, झोपली का? हात वर कर."

भाऊ असं म्हणाले. हेडमास्तर खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "एक खुंटी भिताडात हाय, एक हे. भिताडातली बरी, थकत त नाई."

"पन हेबी बोलत नाई, सर," भाऊ म्हणाले. "तेवढं एक बरं हाय."

सगळी शाळा हसली. पोरांनी लगेच उचललं. खुंटीबाई, खुंटीबाई. मी पण हसले. हे मला आज जास्त लागतं. मी पण हसले.

चहा आला. भाऊंना आला, हेडमास्तरांना आला, दोन्ही मास्तरणींना आला. माझे हात गुंतलेले होते म्हणून मला कुणी विचारलं नाही. पाच मिनिटं चादर कुणी दुसऱ्यानं धरावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी फोटो धुऊन आले. प्रत्येक फोटोच्या कडेला चादरीच्या टोकाशी चार बोटं. माझी. ती कापायचं कामही माझंच होतं. पट्टी ठेवायची, कटर ओढायचा. संध्याकाळपर्यंत टेबलाखाली माझ्या बोटांचा कचरा जमला. झाडून टाकला. तोही मीच.

वीस वर्षं हे केलं. शाळेची पोरं, रेशनकार्ड, निराधार योजनेची म्हातारी माणसं. कटर गेला, कॉम्प्युटर आला. भाऊंनी मला माउस धरायला शिकवला, हे त्यांचे उपकार म्हणून लिहिते. माणूस वाईट नव्हता. खुंटी म्हणायचे ते म्हणायचेच. पण शिकवलं. पडद्यावर चौकट ओढायची, चेहरा आत घ्यायचा, बाकीचं सोडून द्यायचं. क्रॉप. दिवसभर क्रॉप. मी दुकानात, म्हणून गावात चादर आता फोटोला आलेल्यांचंच कुणीतरी धरायचं.

सेहेचाळीस वर्षांची असताना एक दिवस चौकट ओढायची राहिली. काही विशेष झालं नव्हतं. वीज गेली होती. परत आली तेव्हा पडद्यावर पुरा फोटो उघडा होता आणि मी कामाची बाई न होता तो बघितला. मधे स्टुलावर एक पोरगी, केसाला तेल, ताठ. मागं पांढरी चादर. चादरीच्या डावीकडे तिची आई, दोन्ही हात वर, पदर दातात धरलेला. मागं तुरीचं शेत आणि एक बकरी. पोरीचा चेहरा काहीच सांगत नव्हता. सगळं आई सांगत होती.

तो फोटो मी कापला तसा ठेवलाही. पुरा. वेगळ्या फोल्डरमध्ये. मग दुसरा ठेवला. मग भाऊंनी नवीन कॅमेरा घेतला आणि जुना कपाटात टाकला, तो मी मागितला. "तुले काय कराचा?" म्हणाले. "शिकते," म्हणाले मी. "या वयात?" म्हणाले, आणि दिला.

पण चादर धरायला माणूस पाहिजे. मीच कॅमेऱ्यामागं, तर चादर कोण धरणार? कांताबाई आल्या. दुकान सोडून आल्या. आठवड्यातून एक दिवस भाजी शेजारणीवर टाकायची आणि माझ्यासोबत एस.टी.नं गावोगाव, कागदपत्रांचे फोटो काढायला. अर्ध्या दिवसाची भाजी उन्हानं जायची. बोलायच्या खूप. "फोटो काढाचा त तोंड काढ ना व. चादर काय काढून राहिली?" मी म्हणायची, धरा हो. "धरली ना. पायलीचं वजन उचलते मी, तुही चादर काय जड हाय मले?" पण दहा मिनिटांनी हात थरथरायचे. मला ते माहीत होतं. कुठल्या मिनिटाला खांदा पेटतो, कुठल्या मिनिटाला बोटं मरतात, सगळं माहीत होतं. मी त्या मिनिटाची वाट बघायची. हे चांगलं की वाईट मला कळत नाही. पण फोटो तेव्हाच मिळायचा.

असाच एक मिळाला. बाळापूर रस्त्यावरचं गाव. मधे पेन्शनच्या कागदासाठी बसलेला म्हातारा. डावीकडे कांताबाई. उन्हानं एक डोळा मिटलेला, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, मनगटावर हिरव्या बांगड्या कोपराकडं घसरलेल्या. चादर वाऱ्यानं फुगली होती आणि ती बाई तिला धरून होती. मी कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं आणि मला भीती वाटली. इतका चांगला फोटो आपल्याला काढता येतो याची भीती.

अमरावतीत हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक. दर वर्षी प्रदर्शन भरवतात, फोटो मागवतात. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं वाचलं आणि मी पाच फोटो घेऊन गेले. जाण्याआधी पाचही लॅमिनेट करून घेतले. जाड पाटीवर, चकचकीत, सोनेरी काठ, मागं अडकवायला कडी. आमच्या धंद्यात मान द्यायचा फोटो असाच करतात. आई-बापाचा, देवाचा, साहेबाचा. साधा कागद घेऊन कोण जातं?

टेबलाभोवती चौघं होते. फोटो ठेवले. एक प्राध्यापक म्हणाले, "याला हार कुठून घालायचा?"

हसले. चौघंही. मंडळाचे प्रमुख दाताचे डॉक्टर होते. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं आणि आपलं तोंड त्यात बघितलं. "ताई, यात फोटोपेक्षा मीच जास्त दिसतोय." परत हसले. मी उभीच होते. पाटीचा सुटलेला एक कोपरा अंगठ्यानं दाबत होते.

पण एक फोटो त्यांनी बाजूला काढला. कांताबाईंचा. "हा ठेवा. फाइल पाठवा. प्रिंट आम्ही करून घेतो, योग्य कागदावर." मी वाकले. खरंच पायाला हात लावणार होते, ते मागं सरकले.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांचा फोन. "ताई, थोडं क्रॉप करतोय. चालेल ना?"

इथं मला थांबून लिहायला पाहिजे. क्रॉप म्हणजे काय हे मला समजत नव्हतं असं मी सांगू शकत नाही. या शब्दावर मी भाकर खाल्ली. कुठून कापणार, एवढं विचारायला एक श्वास लागला असता. मी म्हणाले, "हो सर. तुम्हाला कळतं." ते म्हणाले, "गुड." मी म्हणाले, "खूप उपकार झाले, सर."

कांताबाईंना सांगितलं, तुमचा फोटो अमरावतीत लागणार. त्यांनी ते बाजारभर केलं. सून, दीर, शेजारची वांगेवाली. त्या दिवशी दुकान लावलंच नाही. जांभळी साडी नेसल्या, लग्नाकार्यातली. बसमध्ये मूर्तिजापूर येईस्तोवर विचारत होत्या, "मोठा हाय का? भिताडाएवढा? जीभ दिसते का व माही? ते जीभ त काढाची होती तू."

हॉल थंड होता. पांढऱ्या भिंती, वरून दिवे. माणसं हळू बोलत होती. कांताबाईंनी चपला बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही भिंतीकडून भिंतीकडं गेलो. पक्षी. मेळघाट. साधू. मग तो.

म्हातारा होता. मोठा, सुंदर, काळा-पांढरा. एक एक सुरकुती मोजता यावी असा. मागं पांढरं. डाव्या कडेला, अगदी कडेला, दोन बोटं. अर्धी.

खाली चिठ्ठी. नाव माझं. शीर्षक, प्रतीक्षा. कसली प्रतीक्षा? म्हातारा मिनिटभर बसून घरी गेला होता.

कांताबाईंनी फोटो वरून खालीपर्यंत पाहिला. मग जवळ गेल्या. मग मागं आल्या. "मी कोठी दिसून राहिली याच्यात?"

मी बोट दाखवलं. त्या बोटांवर.

त्यांनी पदर खांद्यावर नीट केला, जसा फोटो काढताना करतात.

डॉक्टर आले. खुशीत होते. "बघा, काय बदल झाला. नजर सरळ चेहऱ्यावर जाते. बाजूला गर्दी होती ती काढली."

"सर, ही कांताबाई," मी म्हणाले. "ही गर्दी."

त्यांना उमजायला वेळ लागला. मग हसले. "अरे वा, नमस्कार. ताई, आर्टमध्ये काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे कळावं लागतं. ते हळूहळू येईल तुम्हाला."

काय काढायचं ते मला वीस वर्षांपासून कळत होतं. बोटं. पदर. दातात धरलेला पदर. चहा न मिळालेली बाई. तेच काढत आले होते. हा माणूस मला माझंच काम शिकवत होता.

मी म्हणाले, "फोटो उतरवा."

"काय?"

"माझा फोटो आहे. उतरवा."

कांताबाईंनी माझा दंड धरला. "राहू दे ना व. लोकाईले दिसून राहिला त दिसू दे. चाल घरी."

डॉक्टरांचा आवाज उतरला, थंड झाला. "ताई, पाहुणे आहेत. आणि प्रिंट मंडळाची आहे, तुमची नाही. फोनवर तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते," मी म्हणाले. "चूक माझी. आता नाही म्हणते."

उतरवायला कुणी आलं नाही. मी स्वतः फ्रेम काढली. जड होती. हात वर करायची सवय होती मला, तेवढंच कामाला आलं. फ्रेम खाली ठेवली, तोंड भिंतीकडं करून. नावाची चिठ्ठी सोलून काढली आणि पिशवीत टाकली. प्राध्यापक कुणाला तरी म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "म्हणून म्हणतो, शिकलेल्या लोकांनाच घ्यावं." यावेळी मी हसले नाही.

वाटलं होतं कांताबाई बसमध्ये पाठीवर हात ठेवतील. त्या खिडकीकडं बसल्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मग म्हणाल्या, "अर्धी बोटं त होती माही. तेबी काढून घेतली तू."

त्यांचं खरं आहे. बाजारात वांगेवालीनं विचारलं, "काय व, कसा होता फोटो?" तेव्हा त्या म्हणाल्या, "लय मोठा होता," आणि तराजू उचलला. खोली आहे, बोलणं आहे, सणाला पुरणपोळी येते. पण चादर धरायला त्या आल्या नाहीत. मी विचारलंही नाही. आता मी चादर दोन बांबूंना बांधते. फोटो तसे येत नाहीत.

मंडळाचं दार मला बंद झालं आहे. त्यांच्या ओळखीची आणखी दोन दारं असतील, तीही झाली. मी एक्कावन्न वर्षांची आहे. भीती जात नाही. फोन वाजला की आधी उठून उभी राहते, कुणी चांगलं बोललं की हात आपोआप जोडले जातात. ते जोडले जातील. पण माझ्या फोटोतून माणूस काढायला मी कुणाला हो म्हणणार नाही. कागद चांगला देत असतील तरी नाही. मोठी भिंत देत असतील तरी नाही. पासपोर्टाचे कापते, ते पोटासाठी. हे नाही कापत.

आणि कांताबाई, हे तुम्हाला. तुम्ही वाचत नाही, सून वाचून दाखवेल. तुमचा फोटो मी पुरा लावणार आहे. जीभ, मिटलेला डोळा, बांगड्या, सगळा. अमरावतीतच लावणार, आणि खाली नाव तुमचं येईल, माझ्या नावाच्या आधी. केव्हा, ते सांगता येत नाही. तोवर तुमचं देणं माझ्या अंगावर आहे. माणसांसमोर तुमचा अपमान झाला, त्याचं देणं मी माणसांसमोरच फेडीन.