मलिदा बाकी आहे

वैशालीताईंच्या पेणच्या वकिली ऑफिसात टायपिंग करतो म्हणून मी स्वतःला अर्धा वकील समजायचो. तो अर्धा त्या सकाळी गेला. आयझॅककाका आष्टमकरांच्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून चक्क अनीसाची सही घेतली होती, आणि काकांनी रोह्याचं घर ठेवलं होतं तिलाच!

"शहाण्या, काकांच्या कायद्यात साक्षीदाराला ठेवलेलं बाद होतं! पोरीचं घर गेलं ना!" ताई ओरडल्या.

काका धाटावच्या कंपनीत फिटर होते. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; सोबतची घरं कधीच इस्रायलला गेली, लेक लीयासुद्धा. बायको गेल्यापासून शेजारची अनीसा त्यांचं जेवणखाण बघते आणि त्यांच्याच पडवीत शिवणक्लास चालवते. आणि काका आजच लीयाकडे जायला मुंबईच्या विमानतळावर निघालेले. या वयात परत येतील तेव्हा खरं!

ताईंनी फोन लावला. "आम्ही नागोठणं सोडलं गो!"

"काका, गडबला थांबा!"

नवा कागद छापला, ताईंना बाइकवर घेतलं आणि सुटलो. एरवी माझ्या बाइकला खटारा म्हणणाऱ्या ताई पाठीत गुद्दे घालत होत्या, "पळव रे, पळव!"

गडबला भजीच्या टपरीसमोर गाडी उभी. बॉनेटवर कागद पसरला. काकांना सोडायला आलेली अनीसा मदतीला धावली.

"तू लांब ऱ्हा गो!" काका गरजले. "तुझी सावलीपण नको यावर!"

ताईंनी कागदावरच्या एका नावावर बोट ठेवलं. "काका, नक्की ना? मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक काळुराम? कुंपणावरून तुम्हाला कोर्टात खेचणारा शेजारी?"

तोही सोडायला आलेला; काळुराम काकांची बॅग मांडीवर घेऊन गाडीतच बसला होता.

"म्हणून तर! मोजणीत वीतभर जागा माझी निघाली. दुसऱ्या दिवशी यानं आपणहून खांब उपटून मागं घेतलान. माझ्या पुतण्याला नेमलं तर तो आधी घर विकायला दलाल आणील."

"उपकार नाय केला," काळुराम आतून म्हणाला. "वीत तुमची होती."

काकांनी सही केली, मग ताईंनी, मग मी. जुना कागद काकांनी टराटरा फाडला आणि टपरीवाल्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

"काका, मलिदा?" काळुरामनं आठवण करून दिली. मृत्युपत्र नीट झालं तर गूळ-खोबऱ्याच्या गोड पोह्यांचा मलिदा करायचा, असा काकांचा नवस होता.

"उधार!" गाडी सुटली.

काल काळुराम ऑफिसात आला. व्यवस्थापकाला मलिदा वसूल करता येतो का, विचारत होता.

"कायद्यात नाय बसत," मी म्हटलं.

"मग काकांनाच परत यावं लागंल, उधारी फेडायला," म्हणाला, आणि खुशीत निघून गेला.