उतरलेल्या सेलवरचं इटालियन गाणं

मित्रांनो, आज दुपारी तेर गावी माझ्या जुन्या मित्राकडे, रशीदभाईंकडे जाऊन आलो. अंथरुणाला खिळलेत. म्हणाले, "गुरुजी, ते इटलीवालं गाणं एकदा ऐकवा."

दुष्काळाच्या वर्षी सहकारी कारखान्यावरच्या एका इंजिनिअरनं त्यांना ती दुर्मिळ कॅसेट दिली होती. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं पाश्चात्त्य संगीत, ऑर्गन आणि बासरीचं. वाचनालयातल्या जाड इंग्रजी संगीतकोशात मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं, की हे गाणं घोड्यासारखं उधळतं. आमचं तर बैलगाडीसारखं चालायचं. "कोश लिहिणारा बहिरा असंल," रशीदभाई म्हणाले होते. त्याच संथ चालीवर मी वर्गात कितीतरी कविता शिकवल्या.

आज मोबाइलवर लावलं, तर खरंच उधळलं. तेव्हा कुठं चूक कळली. नवे सेल मिळायचे नाहीत, म्हणून उतरलेलेच उन्हात तापवून आम्ही टेप चालवायचो. मग कॅसेट हळू फिरणार आणि गाणंही संथच वाजणार.

रशीदभाईंनी तोंड फिरवलं. "हे आपलं न्हाय."

मी मोबाइलवर गाण्याचा वेग कमी केला. त्यांनी डोळे मिटले. "व्हय, हेच. लई दमलेलं गाणं हाय, गुरुजी."

दमलेलो आपण होतो, गाणं नव्हे. हे त्यांना सांगायला हवं होतं का?