मदतकेंद्रातला आवाज

दारव्ह्याची साधना मनवर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचे ऑनलाइन वर्ग घेते. घरभर नेट पोचावं म्हणून तिनं मेशचं वायफाय बसवून घेतलं होतं. पण वर नवी खोली बांधली आणि तिथं नेट पोचेना. म्हणून तिनं राउटरचं नेट पुढं नेणारा आणखी एक डबा, म्हणजे सॅटेलाइट, मागवला. तो काही केल्या खालच्या राउटरला जोडला जाईना. त्याचा दिवा गुलाबी व्हायचा आणि विझायचा.

शेवटी दुपारी तिनं मदतकेंद्राला फोन लावला, मराठीचा पर्याय निवडला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

“नमस्कार मॅडम, मी दीप बोलतोय. काय अडचण आहे?”

आवाज पुण्याकडचा वाटावा असा, घासूनपुसून घेतलेला. त्यानं आधी राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. मग म्हणाला, “वर कुणाला तरी उभं करा. तुम्ही खालच्या राउटरचं सिंक, म्हणजे जोडणीचं, बटण दाबा, लगेच त्यांना तिकडचं दाबायला सांगा. दिव्याचा रंग विचारा.”

घरात फक्त वडील होते. आई गेल्यापासून उकंडाबाबा बोरी अरबचं घर बंद करून लेकीकडेच राहत होते. गुडघे धरत ते जिना चढले.

“बाबा, दाबा आता! कोनता रंग दिसते?”

वरून उत्तर नाही. ती पुन्हा ओरडली. काहीच नाही.

“असं नाही आयकू येत त्याइले,” फोनमधून आवाज आला. “वर जाऊन डाव्या कानाशी बोल. उजवा तं कामातूनच गेला ना, ताई.”

साधनाचं बोट बटणावरच राहिलं. बाबांच्या कानाबद्दल ती याला काहीच बोलली नव्हती. आणि हा तिला ताई म्हणाला होता.

तिला ताई म्हणणारा एकच होता. धाकटा भाऊ संघदीप. पॉलिटेक्निक अर्ध्यावर सोडलं म्हणून बाबा त्याला नाही नाही ते बोलले आणि तो घरातून निघून गेला. त्याला सात वर्षं झाली होती. नंबर कायमचा बंद.

“संघदीप?”

पलीकडे इतरांच्या बोलण्याचा नुसता कलकलाट. मग तोच आवाज, पण कापरा. “मॅडम, कॉल रेकॉर्ड होत असतो. तसं जमत नसेल तर सॅटेलाइट खाली आणा. पहिल्यांदा जोडताना तो राउटरजवळ ठेवला की लवकर जुळतो.”

ती वर कशी गेली आणि खाली कशी आली, तिचं तिला कळलं नाही. मागून बाबा उतरले. “काय झालं वं? तोंड काहून असं पडलं?”

तिनं सॅटेलाइट राउटरशेजारी लावला, दोन्ही बटणं दाबली. दिवा बराच वेळ पांढरा लुकलुकला आणि निळा होऊन थांबला.

“निळा झाला,” ती म्हणाली.

“बरोबर.” मग तो अगदी हळू बोलला. “ताई, माय कुठं हाये? तिचा आवाज नाही आला.”

माय अंथरुणाला खिळली तेव्हा त्या बंद नंबरावर फोन करकरून ती थकली होती.

“माय गेली रे. तीन वर्सं झाली.”

पलीकडे काहीतरी आदळलं आणि फोन कटला.

“कोन होता?” बाबांनी विचारलं. तिनं त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. बाबा भिंतीला टेकून मटकन खाली बसले. किती वेळ गेला कोण जाणे, अनोळखी नंबरावरून फोन आला. तिनं तो उचलून तसाच बाबांच्या डाव्या कानाला लावला. पलीकडे शब्द नव्हते, नुसतं रडणं होतं.

“मी हाओ इथं,” बाबा म्हणाले. “बोल.”

रविवारी संघदीप आला. पाठीवरची बॅग न काढताच मायच्या फोटोसमोर उभा राहिला. शेवटी बाबांनीच मागून बॅगेचे पट्टे सोडवले.

“बस,” ते म्हणाले.